शिवलेली वादी

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

दिवाळीचा फराळ संपल्याशिवाय दवाखान्यात पाय ठेवणार नाही, असं तुळजाने बजावलं होतं. काल शंकरपाळ्यांचा डबा घासून पालथा घातला आणि आज भरती झालो. म्हणजे ती झाली. मी शेजारच्या खुर्चीत.

एसटीच्या वर्कशॉपात होतो तेव्हा काय उघडलं, काय बसवलं, काय राहिलं हे संध्याकाळी लिहून ठेवायची सवय होती. निवृत्त झाल्यावर उघडण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहिणंही सुटलं. परवा बायकोचा उजवा खांदा उघडणार आहेत. तेव्हा पुन्हा सुरुवात.

डॉक्टरांनी प्लास्टिकचा खांदा हातात घेऊन सगळं समजावलं. तिचा सांधा झिजून हाडावर हाड घासतंय हे एक्स-रेत मलाही दिसलं होतं. बसच्या स्टिअरिंगचे असले गोळे मी जन्मभर बदलले. त्यामुळे धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी, इथपर्यंत मान डोलवत होतो. पुढे अडलो. आत शिरायला वाट हवी म्हणून खांद्याच्या पुढच्या बाजूचा एक टेंडन सोडवावा लागतो आणि सांधा बसवून झाला की तो परत हाडाला शिवायचा. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणारी पट्टी.

"शिवायचा? बोल्ट नाही?" मी विचारलं.

"नाही काका, दोराच. जिवंत वस्तू आहे, ती आपली आपण हाडाला चिकटते. तोवर टाके धरून ठेवतात. सहा आठवडे जपायचं. गोळा मी सांभाळतो, टेंडन तुम्ही सांभाळा."

"आणि नाही चिकटला तर?"

"तर हाताची पोटाशी दाबायची, पाठीमागे न्यायची ताकद जाते. सांधाही जागेवरून सरकू शकतो. मग पुन्हा उघडायचं, आणि दुसऱ्या खेपेला शिवायला फारसं काही हाती लागत नाही."

तुळजा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती एकदम वळून म्हणाली, "डाक्टर, माझं लुगडं माझं मला नेसता यील का? कासोटा मागं मीच खोचते. कुणाकडनं खोचून घेणार न्हाई."

डॉक्टरांनी स्वतःचा हात पाठीमागे नेऊन बघितला. "टेंडन टिकला तर येईल."

"मग टिकवा," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

ऑपरेशनचा आग्रह माझा. तिला तेल चोळून आणखी दहा वर्षं काढायची होती. आता धाकधूक मलाच जास्त आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सांधा उत्तम बसला. टेंडन जरा पातळ निघाला, पण टाके घट्ट घेतलेत.

'पातळ' हा शब्द डोक्यातून जात नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

घरी आलो. हात झोळीत, झोळीखाली छोटी उशी. या हाताने टेकून उठायचं नाही, काही ओढायचं नाही, हात बाहेरच्या बाजूला फाकवायचा नाही आणि पाठीमागे तर मुळीच न्यायचा नाही. झोपायचंही निम्मं बसून.

दवाखान्यातून निघताना पहिली ठिणगी पडली. नर्सने पुढून बटणांचा गाउन आणला. तुळजा म्हणाली, "ह्यो घालून मी धनकवडीत उतरू? त्यापरीस हितंच ऱ्हाते."

सुनेने, उल्काने, समजूत घातली. "आई, सगळ्याच घालतात. माझी आई तर बाजारात जाते गाउनवर."

"तुझी आई जाती. माझी गेली न्हाई."

शेवटी नऊवारीच. पण नेसवणार कोण? उल्का म्हणाली, "अण्णा, मला सहावारी नेसायला पार्लरवाली लागते." मग तिने मोबाइलवर व्हिडिओ लावून तो माझ्यासमोर धरला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाळीस वर्षांवर संसार झाला, पण लुगड्याचं दुसरं टोक कुठे जातं हे मला आज कळलं. निऱ्या झाल्या. कासोटा मागे नेऊन खोचायला गेलो तर हातात भलताच पदर. व्हिडिओतली बाई हसत होती. तुळजा हसत नव्हती.

घरी पोचेपर्यंत तीनदा सुटलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

उल्काची रजा संपली. ती खराडीला जायला सकाळी लवकर निघते आणि जयसिंग, आमचा मुलगा, चाकणला त्याच्याही आधी. म्हणजे आता मी आणि तुळजा.

केस विंचरायला घेतले. माझ्या हातांना पाना माहीत, फणी नाही. खोबरेल लावलं, तीन पेड केले, वळत गेलो. झाल्यावर तिने डाव्या हाताने मागे चाचपून बघितलं.

"ही वेणी हाय का म्हशीचं दावं?"

"घट्ट बसावी म्हणून पिळली."

"डोळं वर वढल्यात माझं. सोडा."

सोडली. पुन्हा घातली. या वेळी ढिली झाली. तिने ती तशीच पाठीवर टाकली.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

व्यायाम घ्यायला शकीला मॅडम येऊ लागल्या. फिजिओथेरपिस्ट आहेत, राहायला भवानी पेठेत, बोलायला धारदार. मला म्हणाल्या, "काका, चोळी कशी घालता?"

मी लाजलो.

"लाजताय काय, परीक्षा आहे. कोणता हात आधी?"

"चांगला."

"नापास. ऑपरेशनचा हात आधी, म्हणजे तो हलवावा लागत नाही. काढताना तो शेवटी. मावशी, एवढे दिवस यांनी तुमचे हाल केले आणि तुम्ही बोलला नाहीत?"

तुळजा म्हणाली, "बोलायचं काय त्यात? शिकत्यात अजून."

ती टेंडनला 'वादी' म्हणते. बैलाच्या जुवाची चामड्याची वादी असते, तशी. शकीला मॅडमना शब्द आवडला. त्यांनीही तोच धरला.

२ डिसेंबर, रविवार

मंडईत जाऊन आलो. मेथी निवडली, भाकरी थापली. भाकरी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, असं उल्का म्हणाली. तुळजाने पाटावर बसल्या बसल्या, "पाणी कमी, पाणी कमी," एवढंच सांगितलं. तिन्ही भाकऱ्या संपल्या.

पूर्वी आमच्यात दिवसभरात बोलणं किती होई? 'जेवायला वाढू का' आणि 'दिवा घालवा'. हल्ली वेणी घालताना ती माहेरच्या, लोणी काळभोरच्या गोष्टी सांगते. तिच्या वडिलांनी विहीर खणली तेव्हा ती खाली उतरून बसली होती, ही गोष्ट मी आज पहिल्यांदा ऐकली. मी पाठीमागे असतो म्हणून तिला बोलायला सोपं जात असावं. समोरासमोर कदाचित माझा चेहरा आडवा येतो.

१६ डिसेंबर, रविवार

लोणी काळभोरहून मेव्हणी आल्या होत्या. मथुराबाई, तुळजाची धाकटी बहीण. पिशवीभर हुरडा, हरभरा आणि अर्ध्या गावाच्या बातम्या.

आज लिहून ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे कासोटा. सकाळी घाईत माझ्या हातून जरा ढिला खोचला गेला असं वाटत होतं. पण त्या आल्या तेव्हा बघतो तर ओळंब्यात धरल्यासारखा सरळ. मथुराबाईही म्हणाल्या, "अक्का, हात झोळीत असून आगदी पयल्यावानी नेसलीस गं!" तुळजाने तिच्यापुढे हुरडा सरकवला. मी मनातून खूश झालो. हात बसला म्हणायचा माझा.

१७ डिसेंबर, सोमवार

रात्रभर ती कण्हत होती. मला वाटलं काल पंख्याखाली बसली, थंडी लागली. हळदीचं दूध दिलं. घेतलं नाही.

अकराला शकीला मॅडम आल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे हात आधार देऊन हलवला, आणि त्यांची थट्टा थांबली. "मावशी, तळवा पोटावर नुसता ठेवा. दाबू नका." ठेवतानाच तिचा चेहरा आवळला.

"काल काय केलं?"

"काय न्हाई."

"काका, काल काय केलं?"

"हुरडा खाल्ला."

त्या बाहेर गॅलरीत जाऊन डॉक्टरांशी बोलल्या. उद्या सोनोग्राफी. दारातून जाताना मला हळूच म्हणाल्या, "टाका सुटला नसेल अशी आशा करू या." मी विचारलं, सुटला असेल तर? त्यांनी चपला घातल्या.

डॉक्टरांनी मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती.

१८ डिसेंबर, मंगळवार

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती. गर्दी, हॉर्न, पुढे बस आडवी. तुळजा समोर बघत म्हणाली, "मी खोचला."

"काय?"

"कासोटा. परवा. मथुरा यायच्या आधी, न्हाणीत जाऊन. झोळी काढली आन् हात मागं नेला. तवाच पुढनं काय तरी चमकलं."

"अगं, पण का? मी खोचला होता ना?"

"तुमी खोचलेला लोंबत हुता. मथुरेनं विचारलं असतं कुणी नेसवलं, तर काय सांगू? अक्काला नवरा लुगडं नेसवतो? साऱ्या लोणीत झालं असतं." मग म्हणाली, "आता वादी तुटली असंल तर जल्मभर तुमीच खोचा."

रागावायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "म्हणजे तो सरळ कासोटा माझा नव्हता?"

तिने माझ्याकडे बघितलं. आधी ओठ दाबले, मग हसायला लागली. डाव्या हाताने खांदा धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "नगा वो, दुखतंय," म्हणत हसली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मला वाटतं ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी फार वेळ लावला. यंत्र खांद्यावर पुढून फिरवत राहिले. मी पडद्याकडे बघत होतो, पण तिथे नुसतं ढगाळ आभाळ. ती छताकडे बघत होती. शेवटी म्हणाले, "टेंडन जागेवर आहे. टाके धरून आहेत. आजूबाजूला सूज आहे, ती उतरेल."

आमच्या डॉक्टरांनी झोळी दोन आठवड्यांनी वाढवली. "मावशी, पुन्हा कासोट्याला हात लावलात तर मी स्वतः गाउन आणून देईन."

"त्यापरीस सुई टोचा," ती म्हणाली. पण आवाज गरीब होता.

येताना उसाचा रस प्यायलो. तिला बर्फ चालत नाही, तरी बर्फ घालून घेतला.

१९ डिसेंबर, बुधवार

दुपारी तिने मला मथुराबाईंना फोन लावायला सांगितला आणि तो कानाशी न धरता समोर ठेवायला लावला.

"मथुरे, ऐक. परवा मी खोटी वागले. मला हेच नेसवत्यात. वेणी बी हेच घालत्यात."

मग मथुराबाई म्हणाल्या, "नशीबवान हायस. आमच्या ह्यांना स्वतःचं धोतर सुदिक मला शोधून द्यावं लागतं."

तुळजा दिवसभर मोकळी होती. कासोटा संध्याकाळपर्यंत लोंबत राहिला. तिने तो तसाच मिरवला.

९ जानेवारी २०१९, बुधवार

झोळी निघाली. हात किती बारीक दिसतो! आता भिंतीवर बोटं चालवत वर चढायचं, मुंगीसारखं. ती स्वयंपाकघरातूनच येते, त्यामुळे भिंतीवर हळदीच्या बोटांचा माग उमटला आहे. उल्काने आत्ताच दिवाळीआधी रंग दिला होता. ती माग बघून म्हणाली, "राहू दे आई. आणखी वर गेला पाहिजे."

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचे लाडू तिने डाव्या हाताने वळले, उजव्याने नुसते धरले. एक लाडू मला देऊन म्हणाली, "गोड बोला." मी म्हणालो, मी कधी कडू बोललो? "बोललाच न्हाई," ती म्हणाली.

यात तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

हात आता डोळ्यांपर्यंत येतो. पाठीमागे मात्र जेमतेम कमरेच्या बाजूला. शकीला मॅडम टॉवेल धरून ओढायला लावतात, हळूहळू. मी घड्याळाकडे बघत बसतो. "काका, तुम्ही बाहेर बसा. तुमच्या कण्हण्याने पेशंटचं लक्ष जातं," असं म्हणून मला बाहेर काढलं.

वेणी मात्र माझी उत्तम व्हायला लागली आहे. अंबाडाही जमतो. गुंता सोडवताना खालून वर जायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तारा सोडवताना तसंच करतो, त्यावरून काढलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. मी बाहेर फणी घेऊन उभा. बराच वेळ आतून काही आवाज नाही. हाक मारावी की नाही असं झालं. मग दार उघडलं.

हिरवं लुगडं. कासोटा मागे, मधोमध, घट्ट. केसही विंचरून अंबाडा घातलेला. ती चौकटीत नुसती उभी राहिली. उल्काने शिट्टी वाजवली. जयसिंग म्हणाला, "आई, एकदा वळ." ती वळली. पुन्हा वळली.

मी म्हणालो, "छान." वादी टिकली. डॉक्टरांनी सोपवलेलं काम पुरं झालं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी काही काम नव्हतं. पेपर दोनदा वाचला. फणी धुऊन ठेवली. स्वयंपाकघरात गेलो तर ती म्हणाली, भाकऱ्या झाल्या. सायकलला तेल दिलं. ती सायकल कोणी चालवत नाही.

जेवताना तुळजा माझ्याकडे फार बघत होती. विचारलं तर, "काय न्हाई."

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काळजीची गोष्ट. आज लुगडं नीट नेसली, कासोटा सरळ, पण केसांना हात पोचेना. फणी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "आज वर जाईना वो हात. घाला की तुमीच."

"दुखतंय?"

"दुखत न्हाई. जाईना नुसता."

वेणी घातली. तिच्या विहिरीची गोष्ट पुढे सरकली. खाली उतरली होती ती वर कशी आली, ते आज कळलं. पण माझं लक्ष खांद्याकडे होतं. परवा गेलेला हात आज का जाऊ नये?

४ मार्च, सोमवार

अजून तसंच. केसांपुरतंच. वरच्या फळीवरचा मेतकुटाचा डबा खाली आलेला दिसला. उल्काने काढला असेल. भिंतीवरही हळदीची बोटं माझ्या डोक्याच्या वर गेलेली दिसतात. उल्का एवढ्या वर हळदीचा हात कशाला लावेल कोण जाणे.

शकीला मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी तुळजाला आत नेऊन तपासलं. दार बंद. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाल्या, "काका, वादी शाबूत आहे. केसांचं काम मात्र तुमच्याकडेच ठेवा."

"व्यायाम वाढवायचा का?"

"तुमचा चालू आहे तेवढा पुरे."

१४ मार्च, गुरुवार

चार महिन्यांची तपासणी. डॉक्टर म्हणाले, हात वर करा. केला. पाठीमागे न्या. नेला. तळवा पोटावर दाबा. असा दाबला की डॉक्टरांना तो उचलता येईना. मग म्हणाले, मानेमागे न्या, आणि हात लोण्यात सुरी जावी तसा अंबाड्यापर्यंत गेला!

मी उठून उभा राहिलो. "डॉक्टर, हे इथे होतं. घरी होत नाही. वर्कशॉपात हेच व्हायचं. ड्रायव्हर म्हणायचा गाडी आवाज करते, आणि आमच्याकडे आणली की आवाज बंद. पण बिघाड असतो, म्हणून सांगतो."

डॉक्टरांनी तुळजाकडे बघितलं. ती टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा फिरवून बघत होती.

"होतं असं एखाद्याला," डॉक्टर म्हणाले. "काळजीचं नाही. केस तेवढे तुम्ही विंचरत जा."

"किती दिवस?"

"त्याचं काही सांगता येत नाही."

प्रामाणिक माणूस. जे माहीत नाही ते नाही म्हणून सांगतो.

१७ मार्च, रविवार

लोणीला मथुराबाईंकडे जेवायला निघायचं होतं. तुळजाने लुगडं नेसलं, कासोटा खोचला, दोन पिशव्या भरल्या, एक उजव्या हातात उचलून दारापाशी ठेवली. मग खुर्ची ओढून माझ्यापुढे पाठ करून बसली.

उल्का आतून म्हणाली, "अण्णा, तुम्ही नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचात ना?"

"इंजिनाचा ओळखायचो," मी म्हणालो. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

तेल लावलं, गुंता खालून सोडवला, तीन पेड केले. आज जरा जास्तच मन लावून घातली आणि मला तरी ती छान सरळ दिसत होती. तुळजाने उजवा हात मागे नेऊन शेवटापर्यंत चाचपून बघितली.

"वाकडी झाली," ती म्हणाली. "सोडा आन् पुन्यांदा घाला."

"बस चुकेल."

"दुसरी यील."

सोडली. पुन्हा पहिल्यापासून घेतली.